जबलपूरचे मराठी बेट आणि दहा विद्यार्थ्यांचा नियम

जबलपूर : केंद्रीय मंत्रिमंडळाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. या निर्णयामुळे प्राचीन ग्रंथांचे जतन, संशोधन आणि अध्यापन यांना बळ मिळणार आहे. मात्र नर्मदाकाठच्या जबलपुरात वाढणारे मराठी घरातील मूल आजोबांच्या कपाटातील पुस्तक वाचू शकेल काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही. बृहन्महाराष्ट्रातील मराठीचे भवितव्य याच प्रश्नाशी बांधलेले आहे.

2011 च्या जनगणनेनुसार मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या सुमारे 12 लाख, म्हणजे लोकसंख्येच्या दोन टक्क्यांहून कमी आहे. बुऱ्हाणपूर, बैतूल, छिंदवाडा, बालाघाट हे जिल्हे महाराष्ट्राला लागून असल्याने तेथील मराठीला शेजारचा आधार मिळतो. जबलपूर या पट्ट्यापासून दूर आहे. हिंदी आणि बुंदेलीच्या विस्तारात वसलेले हे मराठीचे बेटच होय.

हे बेट एका दिवसात घडले नाही. 1781 मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडला जिंकले, 1798 मध्ये हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि डिसेंबर 1817 मध्ये इंग्रजांनी जबलपूर घेतले. मराठी सत्ता गेली तरी नागपूरशी असलेले नाते तुटले नाही. 1861 मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला, त्याची राजधानी नागपूर होती. 1870 मध्ये मुंबईहून आलेला लोहमार्ग जबलपुरात कलकत्त्याकडील लोहमार्गाला जोडला गेला. 1904 मध्ये तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला. रेल्वे, कारखाना, न्यायालय व शिक्षण या क्षेत्रांतील नोकऱ्यांनी निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे येथे आणली, त्यांत मराठी कुटुंबेही होती. 1923 चा झेंडा सत्याग्रह जबलपुरात सुरू झाला आणि नागपुरात त्याला देशव्यापी स्वरूप आले. दोन्ही शहरांचे सार्वजनिक जीवन त्या काळी एकाच प्रांताचे होते.

या सहवासाने साहित्यालाही काही दिले. हिंदीचे थोर कवी गजानन माधव मुक्तिबोध यांची मातृभाषा मराठी. काही काळ ते जबलपुरात शिक्षक होते. त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे मान्यवर कवी व कादंबरीकार झाले. एकाच घरातील दोन भावांनी दोन भाषा समृद्ध केल्या.

निर्णायक वळण 1 नोव्हेंबर 1956 रोजी आले. तोवरच्या मध्य प्रदेशात चौदा हिंदी आणि आठ मराठी जिल्हे होते, राजधानी नागपूर होती आणि हिंदीबरोबर मराठीही राजभाषा होती. पुनर्रचनेत मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. नव्या राज्याची राजधानी भोपाळ झाली आणि उच्च न्यायालय जबलपूरला मिळाले. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला हेच येथील पहिले मुख्य न्यायमूर्ती झाले. शहराची प्रतिष्ठा वाढली, पण जबलपूरच्या मराठीमागचे राजभाषेचे पाठबळ त्याच दिवशी गेले.

त्याच दिवशी सातवी घटनादुरुस्ती अमलात आली. तिने समाविष्ट केलेला अनुच्छेद 350 क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे म्हणून पुरेशा सोयी पुरवण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा, असे सांगतो. शाळेत 40 किंवा एका वर्गात 10 विद्यार्थी असतील तर मातृभाषेतील शिक्षक द्यावा, हे सूत्र प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने 1949 मध्येच ठरवले होते. अडचण येथेच आहे. शहरभर विखुरलेल्या कुटुंबांतील दहा मुले एका शाळेच्या एकाच वर्गात येत नाहीत. मागणी नोंदली जात नाही, म्हणून शिक्षक मिळत नाही. शिक्षक नाही, म्हणून पुढच्या पिढीत मागणीही उरत नाही.

बाल्टिक समुद्रातील ओलांड द्वीपसमूहाचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. फिनलंडच्या अधिपत्याखालील या स्वीडिशभाषक बेटांना स्वीडनमध्ये सामील व्हायचे होते. 1921 मध्ये राष्ट्रसंघाने ती फिनलंडकडेच ठेवली, मात्र भाषा, संस्कृती व स्थानिक परंपरांच्या रक्षणाची हमी घेऊन. आज तेथील लोकसंख्या सुमारे 30,000 आहे, तीही 16 नगरपालिकांत विभागलेली. सोत्तुंगा या सर्वांत लहान नगरपालिकेत जेमतेम शंभर माणसे राहतात, तरी तिचा कारभार स्वीडिशमधूनच चालतो. सार्वजनिक शाळांचे माध्यमही स्वीडिशच आहे. अल्प संख्येची उणीव तेथे स्वायत्ततेच्या कायद्याने भरून काढली.

जबलपूरला हे प्रारूप जसेच्या तसे लागू पडणार नाही. ओलांडमध्ये स्वीडिशभाषक बहुसंख्य आहेत, येथील मराठी माणूस विखुरलेला आहे आणि हिंदीशी त्याचे वैर नाही. जवळची तुलना फिनलंडच्या मुख्य भूमीवरील तांपेरे, पोरी, कोत्का आणि औलू या शहरांशी होईल. फिनिशभाषक बहुसंख्येतील या शहरांना तेथे 'भाषाबेटे' असेच म्हणतात. प्रत्येक शहरात स्वीडिश शाळा आहे. त्यांतील काही शाळा शंभर वर्षांहून जुन्या असून समाजाचे भाषिक जीवन त्यांच्याभोवती टिकून आहे.

आपल्याकडे गणेशोत्सव, नाटक आणि भजनी मंडळ यांनी मराठीपण जपले, हे मान्यच करावे लागेल. परंतु उत्सवातून भाषा ऐकू येते. वाचायला आणि लिहायला ती वर्गातच शिकावी लागते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने त्रिभाषा सूत्रातील भाषांची निवड राज्ये, प्रदेश व विद्यार्थ्यांवर सोपवली असून तीनपैकी किमान दोन भाषा भारतीय असाव्यात, एवढीच अट घातली आहे. हिंदीभाषक राज्यात तिसरी भाषा म्हणून मराठी शिकवण्याला या धोरणाची आडकाठी नाही.

त्यासाठी पहिले पाऊल समाजानेच उचलले पाहिजे. निरनिराळ्या वस्त्यांतील मुलांची नोंद करून, शक्य तेथे ती एका शाळेत एकवटून, दहाची संख्या लेखी स्वरूपात प्रशासनापुढे ठेवली पाहिजे. भोपाळच्या मराठी साहित्य अकादमीने पुस्तके व शिक्षक-प्रशिक्षणाचा भार उचलावा. अभिजात दर्जाचा लाभ महाराष्ट्राबाहेरील शालेय वर्गापर्यंत पोहोचवण्याचा आग्रह महाराष्ट्र शासनानेही धरावा. दहा मुले एका वर्गात बसवणे हे काम लहान दिसते, परंतु जबलपुरात मराठी वाचणारी पुढची पिढी असेल की नाही, हे त्यावरच ठरणार आहे.