एका अंशाची बचत घरात येऊन मोजा

मा. महासंचालक,
ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी,
सेवा भवन, रामकृष्ण पुरम, नवी दिल्ली



एसी 20 अंशांच्या खाली थंड करता येणार नाही आणि 28 अंशांच्या वर गरम करता येणार नाही, असा नियम आणत असल्याचे केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी 10 जून 2025 रोजी जाहीर केले. या नियमाचा तांत्रिक पाया तुमच्या संस्थेकडून येणार, म्हणून हे पत्र तुम्हाला. मी बेंगळुरूत राहते. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या आणि नागपूरच्या घरांचाही तितकाच आहे.

मर्यादेला माझा विरोध नाही. 16 अंशांवर एसी लावायचा आणि वर दुलई पांघरायची ही सरळ उधळपट्टी आहे, तिला आळा बसलाच पाहिजे. तुमच्या आधीच्या पावलाचे तर मी मनापासून स्वागत केले होते. 30 ऑक्टोबर 2019 ची अधिसूचना निघाली आणि 1 जानेवारी 2020 पासून स्टार लेबलच्या प्रत्येक एसीचे मूळ तापमान 24 अंश ठरले. रिमोटचे बटण दाबले की 24 दिसते, ज्याला बदलायचे तो बदलतो. सक्ती न करता सवय लावण्याचा हा चांगला मार्ग होता. मात्र त्यामागचा हिशेब असा मांडला गेला होता: तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे 6 टक्के वीज वाचते आणि सर्व ग्राहकांनी हे पाळले तर देशाचे वर्षाला 20 अब्ज युनिट वाचतात. सर्व ग्राहक पाळतील हे गृहीत धरून काढलेला आकडा आणि मीटरवर दिसलेली बचत यांत अंतर असते. ते अंतर मोजण्याची विनंती करण्यासाठी मी लिहिते आहे. 20 ते 28 चा नियम पक्का होण्याआधी ते मोजले जावे, असे मला वाटते.

कागदावरच्या बचतीवर विसंबण्याची किंमत अमेरिकेने मोजली आहे. तिथे वेळापत्रक लावता येणाऱ्या थर्मोस्टॅटना ‘एनर्जी स्टार’ हे वीज वाचवणाऱ्या उपकरणांचे मानचिन्ह मिळत असे. दिवसा घर रिकामे असताना आणि रात्री झोपेत तापमान आपोआप बदलणार, म्हणजे वीज वाचणार, हे कागदावर पक्के होते. घरात मात्र लोक वेळापत्रक लावत नसत, लावले तरी हाताने मोडून टाकत. शेवटी तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2009 अखेर हे मानचिन्ह काढून घेतले. पुढे इंटरनेटला जोडलेले, स्वतः शिकणारे स्मार्ट थर्मोस्टॅट आले, तेव्हा प्रत्यक्ष घरांत बसवलेल्या यंत्रांची माहिती सादर केल्याशिवाय मानचिन्ह नाही, अशी अट घातली गेली. असे थर्मोस्टॅट बनवणाऱ्या नेस्ट कंपनीने 2015 मध्ये आपल्या ग्राहकांच्या बिलांवरून हीटिंगवर 10 ते 12 टक्के आणि कूलिंगवर 15 टक्के बचत दाखवली. पण 2022 मध्ये अर्थतज्ज्ञ जॉन लिस्ट, रॉबर्ट मेटकाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही घरांत थर्मोस्टॅट बसवले, काहींत नाही, आणि दोन्हींचा वापर तासातासाने तपासला. म्हणण्याजोगी बचत दिसलीच नाही. यंत्राने वीज वाचवणारे तापमान ठरवायचे आणि माणसाने ते बदलायचे, असे चालले होते. माणूस का बदलत होता? त्याला उकडत होते किंवा थंडी वाजत होती म्हणून. घरातल्यांचे समाधान हा बचतीच्या हिशेबातला वेगळा रकाना नाही. ते नसेल तर बचतही होत नाही.

आता आमच्या शहराकडे या. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून 900 मीटरहून उंच आहे. इथला आजवरचा उच्चांक 39.2 अंशांचा, एप्रिल 2016 मधला. तुमच्या स्टार लेबलवरचा वार्षिक वापर मात्र 1600 तास आणि 24 ते 43 अंशांचे बाहेरचे तापमान धरून काढला जातो. 43 अंश बेंगळुरूने कधी पाहिलेलेच नाहीत. आमच्याकडे एसी मार्च ते मेच्या रात्री चालतो आणि पहिल्या पावसांनंतर बहुतेक बंदच असतो. तेच लेबल नागपुरातल्या दुकानातही लागते, जिथे मे महिन्यात दुपारचे तापमान सहज 43 च्या पुढे जाते. जास्तीचे पैसे देऊन पाच स्टारचा एसी घेतला तर ते किती वर्षांत वसूल होतील, याचे उत्तर या दोन शहरांत एक असूच शकत नाही. लेबलवर एक आकडा छापून ग्राहकाला ते उत्तर मिळत नाही.

दमटपणाचे तर त्याहून अवघड. एसीचा थर्मोस्टॅट तापमान पाहतो, तेही छताजवळ यंत्रात शिरणाऱ्या हवेचे. पलंगावर झोपलेल्या माणसाला काय वाटते हे त्याला कळत नाही. मुंबईत किंवा रत्नागिरीत 26 अंशांवरही घाम वाळत नाही. बेंगळुरूच्या कोरड्या एप्रिलमध्ये 28 अंश आणि वर मंद पंखा असला तर झोप लागते. हे मी अनुभवावरून म्हणते, पण त्याला अभ्यासाचा आधार आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच शहरांतल्या कार्यालयांत लोकांना प्रत्यक्ष विचारून भारतीयांसाठी सुखद तापमानाचे प्रारूप तयार केले. त्या पाच शहरांत बेंगळुरू होते. खिडक्या उघड्या ठेवणाऱ्या इमारतींत बाहेरच्या हवेप्रमाणे लोकांना सुखावणारे तापमान 19.6 पासून 28.5 अंशांपर्यंत सरकते, असे त्यात दिसले. 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेत या प्रारूपाला स्थान मिळाले. म्हणून 28 ची वरची मर्यादा हीटिंगपुरतीच राहील, हे अधिसूचनेत स्वच्छ लिहा. कूलिंगला 28 च्या वर जाऊ दिले नाही, तर जो 29 आणि पंख्यावर समाधानी आहे त्याला विनाकारण जास्त वीज जाळावी लागेल. साधा पंखा सुमारे 75 वॅटचा, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो. वीज वाचवण्याची खरी जागा इथे आहे.

घराची बांधणीही मोजली पाहिजे. बेंगळुरूतल्या मल्लेश्वरम, बसवनगुडीच्या जुन्या घरांत उंच छत, मंगळुरी कौले आणि समोरासमोर खिडक्या असत. व्हाइटफील्डच्या, दर्शनी भाग काचेचा असलेल्या इमारतींत, किंवा कुठेही सर्वांत वरच्या मजल्यावर तापलेल्या स्लॅबखाली, थर्मोस्टॅट कितीही हुशार असला तरी एसी रात्रभर स्लॅबशीच झगडतो. डिसेंबर 2018 मध्ये तुमच्याच संस्थेने भिंती, खिडक्या आणि छतांसाठी ‘इको-निवास संहिता’ आणली. रिमोटच्या आकड्यावर जेवढी चर्चा होते, त्याच्या चौथ्या हिश्श्यानेही या संहितेवर होत नाही, याचे मला वाईट वाटते.

बचत रुपयांत मोजू नका, युनिटमध्ये मोजा, हेही आवर्जून सांगायचे आहे. कर्नाटकात ऑगस्ट 2023 च्या बिलांपासून गृहज्योती योजना आहे. 2022-23 मधला सरासरी वापर आणि त्यावर थोडी जास्त, कमाल 200 युनिट, इतकी वीज घराला मोफत मिळते. 200 ओलांडले की त्या महिन्याचे पूर्ण बिल भरावे लागते. त्यामुळे एका घरात 20 युनिट वाचले तरी बिल शून्यच राहते आणि दुसऱ्या घरात तेवढ्याच बचतीने सगळे बिल माफ होते. बिल पाहून निष्कर्ष काढला तर दोन्हीकडे चुकेल.

आणि बचत मोजताना घरातल्यांना विचाराल, तेव्हा कोणाला विचारता याकडे लक्ष द्या. एसी चालवणारे ॲप बहुतेकदा घरातल्या एकाच्या फोनवर असते. आजीच्या हातात रिमोट असतो, आणि त्यावरची चिन्हे तिला कोणी समजावलेली नसतात. पावसाळ्याआधीच्या वादळात वीज गेली की वाय-फाय बंद पडते, वीज परत येताना यंत्राचे वेळापत्रक टिकले की पुसले गेले हे पाहायचे कोणी? भाड्याच्या घरात यंत्र मालकाचे, बिल भाडेकरूचे. कारखान्याच्या चाचणीकक्षात यातले काहीच घडत नाही.

तेव्हा माझे मागणे असे. बेंगळुरू, मुंबई आणि नागपूर या तीन वेगळ्या हवामानांच्या शहरांत सर्व थरांतली घरे निवडा. एसीच्या जोडणीला स्वतंत्र मीटर लावा, खोलीतले तापमान आणि दमटपणा नोंदवा, काही घरे तुलनेसाठी आहेत तशी राहू द्या आणि हे वर्षभर चालू द्या. घरातल्या म्हाताऱ्यांना, मुलांना, दिवसभर घरी असणाऱ्या बायकांना झोप कशी लागते, तापमान कधी आणि का बदलता, हे त्यांच्या भाषेत विचारा. ‘स्मार्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक एसीच्या बचतीच्या दाव्याला अशाच नोंदींचा पुरावा मागा. निष्कर्ष कन्नड आणि मराठीत प्रसिद्ध करा, शहरानुसार लेबल छापा. 20 ची खालची मर्यादा खुशाल आजच लावा, बाकीचा नियम या आकड्यांनंतर पक्का करा. मोजणीसाठी पहिले घर हवे असेल तर माझ्या घराचे दार उघडे आहे.

आपली,
बेंगळुरूतील एक मराठी वीजग्राहक