भेंडीला पाणी नको!

मुलांनो, मागच्या अंकात आपण कोशिंबिरी केल्या. आज गॅसजवळ जायचंय, म्हणून नियम आधीच सांगून टाकते. गॅस पेटवणं, फोडणी घालणं आणि गरम कढई उचलणं ही कामं मोठ्यांची. निवडणं, धुणं, पुसणं आणि चव बघणं तुमचं. चिरायचं आणि परतायचं काम पाचवीच्या पुढच्यांनी करावं, तेही घरातलं मोठं माणूस शेजारी उभं असताना. कबूल?

आता एक प्रश्न. डबा उघडला आणि आत हिरवी भाजी दिसली, की तुमचं तोंड कसं होतं? खरं सांगा हं! मधल्या सुट्टीत मी रोज बघते ना. बटाट्याची भाजी असली की डबा दोन मिनिटांत चाटूनपुसून साफ. मेथी नाहीतर भेंडी असली, की पोळी कोरडीच खाल्ली जाते आणि भाजी तशीच घरी परत जाते. कधी कधी तर नळाजवळच्या मोरीतच जाते. मग शेवटच्या तासाला हीच मंडळी बाकावर मान टाकतात. पोटात नुसती दीड पोळी, दुसरं काय होणार!

एका मुलाला मी विचारलं, "का रे, भेंडीनं तुझं काय घोडं मारलंय?" तर म्हणतो कसा, "बाई, ती शेंबडासारखी लागते." सगळा वर्ग खो खो हसला. पण त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. डब्यातली भेंडी खरोखरच बुळबुळीत होती. त्याची आई सकाळी साडेपाचला उठते, घाईघाईने भेंड्या धुते आणि ओल्याच चिरते. तिथेच सगळी गंमत होते.

भेंडीच्या आत एक चिकट द्रव असतो. त्याला पाणी मिळालं की तो सुटतो, फुगतो आणि त्याच्या तारा होतात. जास्वंदीची पानं चुरगळून पाण्यात घालून बघा, तसाच बुळबुळीतपणा येतो. येणारच, कारण जास्वंद, कापूस, अंबाडी आणि भेंडी ही सगळी एकाच कुळातली भावंडं! भेंडीचं फूल कधी बघितलंय का? पिवळंधमक, मधोमध गडद लाल, अगदी जास्वंदीच्या चुलतबहिणीसारखं.

म्हणून भेंडी आख्खी असतानाच धुवायची, कोरड्या फडक्याने एकेक पुसायची आणि मगच चिरायची. पुसायचं काम तुमचं. पाव किलो भेंडी पुसायला दहा मिनिटं लागतात. रात्री गृहपाठ झाला की पुसून फडक्यावर पसरून ठेवा, सकाळी आईचा तेवढा वेळ वाचेल. त्या मुलाने हेच केलं. पुढच्या आठवड्यात डबा उघडून माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "बाई, आज तार नाही!"

आता काचऱ्या. पाव किलो कोवळी भेंडी घ्या. कोवळी कशी ओळखायची? टोक मोडलं की कट्कन तुटतं. (भाजीवाल्या मावशींसमोर सगळ्या भेंड्यांची टोकं मोडू नका बरं का, त्या रागावतात आणि त्यांचं बरोबरच आहे.) पातळ गोल चकत्या करा. पसरट कढईत दोन चमचे तेल, मोहरी, हिंग, हळद, मग भेंडी. झाकण अजिबात ठेवायचं नाही. झाकणावर वाफेचं पाणी जमतं, ते कढईत पडतं आणि पुन्हा तारा! मीठही शेवटी, कारण मीठ भाजीतलं पाणी बाहेर ओढतं. मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं अधूनमधून हलवत राहा. कडा तांबूस झाल्या की मीठ, चिमूटभर साखर आणि थोडं लाल तिखट घाला. तरीही थोडी चिकट वाटली, तर दोन आमसुलं टाका. आंबटाने तार मोडते.

मेथीचं दुखणं वेगळं. मेथी कडू. मोठी माणसं म्हणतात, "एवढंसं कडू, त्यात काय?" पण लहान मुलांना कडू चव मोठ्यांपेक्षा जास्त जाणवते. तुम्ही नाटक करत नसता, हे मला माहीत आहे. काहीजण मेथीला मीठ चोळून, पिळून सगळा रस फेकून देतात. मला ते पटत नाही. रसाबरोबर चांगलं तेही मोरीत जातं. त्यापेक्षा तिला सोबती द्यावेत. एका जुडीला अर्धी वाटी मुगाची डाळ तासभर भिजवून घ्या. तेलात ठेचलेल्या लसणाच्या पाच-सहा पाकळ्या लाल होऊ द्या, मग डाळ घाला आणि पाण्याचा हबका मारून पाच-सात मिनिटं झाकून शिजवा. डाळ बोटचेपी झाली की धुऊन चिरलेली मेथी घाला आणि झाकण न ठेवता परता. शेवटी सुपारीएवढा गूळ आणि दोन चमचे दाण्याचं कूट. एक मात्र लक्षात ठेवा. कच्ची मेथी कढईभर दिसते आणि पाच मिनिटांत आळून मूठभर होते. त्या डोंगराकडे बघून मीठ घातलंत, तर भाजी खारट झालीच म्हणून समजा! आधी आळू द्या, मग मीठ.

झाकण का नको, याचं दुसरंही कारण आहे. पानांचा हिरवा रंग हरितद्रव्यामुळे असतो, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. या हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियम असतं. भाजी तापली की तिच्यातली आम्लं बाहेर पडतात आणि मॅग्नेशियमला हुसकावून लावतात. मग रंग होतो शेवाळी. झाकण नसेल तर काही आम्लं वाफेबरोबर उडून जातात. मोठ्यांना सोबत घेऊन एक प्रयोग करा. दोन पातेल्यांत पाणी उकळा, एकात अर्धं लिंबू पिळा आणि दोन्हींत पालकाची चार-चार पानं पाच मिनिटं ठेवा. दोन्ही रंग शेजारी शेजारी ठेवून बघा. म्हणूनच लिंबू कढईत पिळायचं नाही, ताटात पिळायचं. पण पिळायचं जरूर. पालेभाजीतलं लोह अंगी लागायला लिंबातलं 'क' जीवनसत्त्व मदत करतं. रंगासाठी खायचा सोडा घालायची युक्ती मात्र नको. रंग येतो, पण जीवनसत्त्वं जातात आणि भाजीचा लगदा होतो.

आता आईबाबांशी दोन शब्द. भाजी वाटून पराठ्यात दडवली की मूल खातं, हे खरं. अडीअडचणीला जरूर करा. पण रोज दडवलीत तर त्याची मेथीशी ओळख कधी होणार? ताटात एकच चमचा वाढा. नाही खाल्ली तर ओरडू नका, चार दिवसांनी पुन्हा एक चमचा. नवी चव आवडायला मुलाला आठ-दहा वेळाही लागतात आणि आपण तिसऱ्या वेळीच हात टेकतो. "भाजी संपव, मग चॉकलेट देते" हेही नको. त्यातून भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस, एवढंच मूल शिकतं. मोबाईल समोर धरून भरवलेल्या घासाची तर चवही कळत नाही. त्यापेक्षा जुडी समोर ठेवा आणि म्हणा, "चल, निवडू या." मुलाने स्वतः निवडलेल्या भाजीचा एक घास तरी ते चाखून बघतंच.

फरसबी राहिलीच! तिला जागा थोडी लागते. शिरा काढा, अगदी बारीक चिरा, मोहरी-हिंगाच्या फोडणीत टाका आणि झाकणावर पाणी ठेवून दहा-बारा मिनिटं शिजवा. हिला झाकण चालतं, कारण ही कच्ची खायची नसते. वरून मूठभर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. झाली!

आणि हो, कारल्याचं काय, असं विचारणाऱ्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबा. तोवर बाजारातून आणताना लहान, कोवळी कारली निवडायला शिका. आतल्या बिया लाल झालेली नकोत.