स्कार्फ, ओढणी आणि दोन प्रश्न

मैत्रिणींनो, मुस्लिम बाईच्या डोक्यावरच्या कापडाबद्दल आपल्याकडे सगळ्यांनाच काही ना काही म्हणायचं असतं. बसस्टॉपवर, लग्नाच्या पंगतीत, टीव्हीवरच्या चर्चेत. कुणी म्हणतं, हे मागासलेपण. कुणी म्हणतं, हीच आमच्या लेकीबाळींची अब्रू. मी मुस्लिम आहे, मराठी शाळेत शिकले, तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात बरीच वर्षं शिकवलं. त्यामुळे ‘तुमच्यात ते बांधावंच लागतं का हो?’ हा प्रश्न मला हमखास येतो. स्टाफरूममध्ये येतो, भिशीत येतो, अगदी भाजीवाल्या मावशींकडूनही येतो. उत्तर एका वाक्यात देता येत नाही म्हणून आज जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. बुरखा म्हणजे अंगभर झगा. नकाब म्हणजे चेहरा झाकणारं कापड. आणि आज ज्याला आपण हिजाब म्हणतो, तो म्हणजे केस, कान आणि मान झाकणारा स्कार्फ. त्यात चेहरा उघडा असतो. बातम्यांमध्ये या तिन्हींची सरमिसळ होते आणि मग स्कार्फ बांधून कॉलेजात आलेल्या मुलीला ‘चेहरा झाकलास तर ओळखायचं कसं?’ असं विचारलं जातं. तिचा चेहरा तर समोर दिसत असतो!

आता धर्मात काय आहे ते बघू. कुरआनात ‘हिजाब’ हा शब्द येतो तो मुख्यतः पडदा, आडोसा या अर्थानं. स्त्रियांच्या पेहरावाबद्दलचा जास्त चर्चेतला भाग आहे सूरह नूरमधली ३१वी आयत. तिथे ‘खिमार’ म्हणजे डोक्यावरची ओढणी छातीवर घ्यावी असं सांगितलं आहे. बहुतेक परंपरावादी आलिम यावरून डोकं झाकणं बंधनकारक मानतात. काही आधुनिक अभ्यासक, त्यात स्त्रियाही आहेत, म्हणतात की इथे भर मर्यादेवर आहे, ओढणी हा त्या काळचा पेहराव होता. हा वाद मी इथे सोडवणार नाही, तो माझा अधिकारही नाही. पण एक गोष्ट मात्र मी मुलींना नेहमी दाखवत आले. ३१व्या आयतीच्या आधी ३०वी आयत आहे आणि ती पुरुषांसाठी आहे. त्यांनी आपली नजर खाली ठेवावी, हे आधी सांगितलं आहे. आमच्या मोहल्ल्यात ३१वी आयत सगळ्यांना पाठ. ३०वी विचारली की मंडळी घड्याळात बघायला लागतात.

बरं, माझ्या घरचं सांगते. माझी दादी साडी नेसायची, डोक्यावर पदर. शेजारच्या पाटलीणबाईही तशाच. दोघी बाजाराला निघाल्या तर परक्या माणसाला धर्म कळला नसता. अम्मी लग्नाकार्याला बुरखा घालायची, एरवी पदर. मी नमाजाला डोकं झाकते, बाहेर नाही. आणि माझी धाकटी बहीण रोज स्कार्फ बांधते, बँकेत नोकरी करते. तिला एकदा विचारलं, तर म्हणाली, “आपा, तू नाही बांधत तेव्हा मी तुला कधी कारण विचारते का?” एकाच घरात, चार बायकांच्या चार तऱ्हा. मग ‘मुस्लिम बाईच्या स्कार्फचा अर्थ काय’ याचं एकच उत्तर मी कुठून आणू?

वर्गातही तेच. स्कार्फ बांधणाऱ्या चार मुली एका बाकावर बसायच्या. एकीची मनापासून श्रद्धा. दुसरीनं सरळ सांगितलं, “मॅडम, स्कार्फ बांधला म्हणून अब्बा अकरावीला पाठवतायत, नाहीतर दहावीलाच बस झालं असतं.” तिसरी बांधायची कारण एसटीतली टवाळ पोरं जरा अंतर ठेवतात. आणि चौथीनं तर घरचे नको म्हणत असताना सुरू केला होता. ‘आमच्याबद्दल काहीबाही बोलतात, मग मी लपवू कशाला मी कोण आहे ते?’ असं तिचं म्हणणं. कापड एकच, पण एकीची ती इबादत, एकीची शिक्षणाची फी, एकीचं संरक्षण आणि एकीचा जबाब. बाहेरून बघणाऱ्याला चौघी सारख्याच दिसणार.

हे आपल्या हिंदू मैत्रिणींना परकं वाटू नये. आपल्या महाराष्ट्रात विधवेचं केशवपन करून तिला आलवण नेसवलं जायचं, तेही डोक्यावरून घेतलेलं कापडच होतं आणि तिथे तिला कुणी विचारलं नव्हतं. उलट सासरच्या वडीलधाऱ्यांसमोर पदर घेणाऱ्या कितीतरी जणी आजही तो आदरानं घेतात, तर कितीतरी जणी नाइलाजानं. आणि पुण्यात स्कूटीवरून जाणाऱ्या मुली उन्हा-धुळीसाठी डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फनं बांधतात, त्यांना कुणी धर्म विचारत नाही. म्हणजे प्रश्न नुसता कापडाचा नाही. ते कुणाच्या डोक्यावर आहे आणि तिथे कुणी ठेवलं, हा प्रश्न आहे.

इराणचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. १९३६ साली तिथल्या रेझा शहानं पडदा सोडण्याची सक्ती केली. पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरची वस्त्रं ओढायचे. परिणाम काय झाला? ज्यांना उघड्या डोक्यानं बाहेर पडणं जमेना, त्या अनेक जणी घरातच बसल्या. १९७९च्या क्रांतीनंतर उलटं झालं. हिजाब सक्तीचा होणार म्हणताच त्याच वर्षी महिला दिनी तेहरानमध्ये हजारो बायका रस्त्यावर उतरल्या, तरी सक्ती आलीच. पुढे सप्टेंबर २०२२मध्ये महसा अमिनी या २२ वर्षांच्या मुलीला हिजाब नीट नाही म्हणून पकडलं आणि कोठडीत असताना ती कोसळली, तीन दिवसांत गेली. त्यानंतर तिथल्या बायकांनी काय केलं ते जगानं पाहिलं. तुर्कस्तानात १९९९ साली मर्वे कावाकची ही निवडून आलेली बाई केवळ स्कार्फ बांधून आली म्हणून तिला संसदेत शपथ घेऊ दिली नाही. एकीकडे काढा म्हणून, एकीकडे बांधा म्हणून, शिक्षा मात्र दोन्हीकडे बाईलाच.

आणि झाकलं की सगळं मिळतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी अफगाणिस्तानकडे बघावं. तिथे तालिबाननं २०२२मध्ये बायकांना चेहऱ्यासकट झाकून घ्यायचा हुकूम काढला. त्याआधीच सहावीपुढच्या मुलींच्या शाळा बंद होत्या, आणि त्याच वर्षी डिसेंबरात विद्यापीठंही बंद केली. पायापर्यंत झाकलेल्या मुलींनाही दारातून परत पाठवलं.

आपल्या देशातलं बोलायचं तर उडुपीपासून सुरुवात करावी लागेल. डिसेंबर २०२१ अखेर तिथल्या सरकारी कॉलेजात सहा मुलींना स्कार्फ बांधला म्हणून वर्गात घेतलं नाही. बघता बघता तो वाद कर्नाटकभर पसरला. १५ मार्च २०२२ला कर्नाटक उच्च न्यायालयानं निकाल दिला की हिजाब ही इस्लाममधली अत्यावश्यक धार्मिक प्रथा नाही. सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ला दोन न्यायाधीशांत मतभेद झाला. न्यायमूर्ती हेमंत गुप्ता यांनी बंदी योग्य ठरवली. न्यायमूर्ती सुधांशु धुलिया यांनी मात्र धर्मात आवश्यक आहे की नाही या वादात शिरायलाच नको म्हटलं. मुलीची निवड आणि मुलीचं शिक्षण हे त्यांनी महत्त्वाचं मानलं. शाळेत पोचेपर्यंतच मुलींच्या वाटेत किती अडचणी असतात, त्यात आपण भर घालायची का, असा त्यांचा रोख होता. प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवलं गेलं.

मला स्वतःला हा दुसरा विचार पटतो, कारण त्या सगळ्या गदारोळात परीक्षा होत्या. वकील बोलत होते, पुढारी बोलत होते, गेटबाहेर मुलांचे जथे घोषणा देत होते, आणि काही मुलींचे पेपर चुकले. ते पेपर पुन्हा कुणी लिहून देणार होतं का?

आपल्या मुंबईतही २०२४मध्ये चेंबूरच्या एका महाविद्यालयानं हिजाब, टोपी वगैरेंवर बंदी घातली. विद्यार्थिनी उच्च न्यायालयात गेल्या, तिथे दाद मिळाली नाही. ९ ऑगस्ट २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं हिजाब, टोपी, बिल्ले यांच्यावरच्या बंदीला स्थगिती दिली, पण वर्गात चेहरा झाकून बसता येणार नाही हेही सांगितलं. टिळा, टिकली लावणाऱ्या मुलींनाही बंदी करणार का, अशा अर्थाचा प्रश्न न्यायालयानं कॉलेजला विचारला. मला हे शहाणपणाचं वाटलं. शिकवताना मलाही विद्यार्थिनीचा चेहरा दिसावा लागतो. तिला समजलं की नाही ते डोळ्यांपेक्षा ओठांवर आधी कळतं. केसांशी मात्र माझं काही काम नसतं.

मार्ग काढायचा तर निघतो. केंद्रीय विद्यालयांत गणवेशाच्या रंगाशी जुळणारा स्कार्फ मुस्लिम मुलींना चालतो, हा दाखला त्या खटल्यातही दिला गेला. २०१६ साली केरळ उच्च न्यायालयानं वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला स्कार्फची परवानगी देताना अट एवढीच घातली की मुलींनी अर्धा तास आधी यावं आणि महिला कर्मचाऱ्याकडून तपासणी करून घ्यावी. नियम पाळला गेला, मुलीचं वर्षही वाचलं.

हे झालं बाहेरच्यांना. आता माझ्या घरच्यांना दोन शब्द. मुलीचा स्कार्फ सरकला की सगळ्या मोहल्ल्याला दिसतो. पण सूरह निसामध्ये मुलीचा वारसाहक्क दिला आहे, तो किती घरांत दिला जातो? बहिणीनं वाटा मागितला की ती भावांच्या मनातून उतरते. मेहेर ठरवतात निकाहात आणि माफ करून घेतात मागच्या दारानं. १८ एप्रिल १९६६ला हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायकांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला, तो तोंडी तलाकच्या विरोधात. त्या तलाकला सर्वोच्च न्यायालयानं बेकायदा ठरवलं २०१७ साली, म्हणजे ५१ वर्षांनी! धर्माची एवढी काळजी असेल तर ती फक्त मुलीच्या डोक्यापाशीच का थांबते?

मग गरज आहे की नाही? माझं उत्तर असं, की ते जिचं डोकं तिनं ठरवावं. पण ‘तिची मर्जी’ हा शब्दही आपण फार स्वस्त केला आहे. मर्जी खरी की नाही हे ओळखायला मी दोन प्रश्न विचारते. तिनं उद्या स्कार्फ काढला तर तिचं काय जाईल? आणि तिनं उद्या स्कार्फ बांधला तर तिचं काय जाईल? पहिल्याचं उत्तर ‘कॉलेज बंद होईल, लग्न मोडेल, भाऊ हात उगारेल’ असं असेल तर ती मर्जी नव्हे, मग ती कितीही हसून ‘मला आवडतं’ म्हणू दे. दुसऱ्याचं उत्तर ‘परीक्षेला बसू देणार नाहीत, नोकरी मिळणार नाही, कुणी घर भाड्यानं देणार नाही’ असं असेल तर तीही सक्तीच, फक्त दुसऱ्या बाजूची. दोन्ही प्रश्नांना ‘काही नाही’ हे उत्तर येईल, तेव्हाच ती ओढणी तिची.

तोवर आपण एवढं तरी करू शकतो. तुम्ही शिक्षिका असाल तर स्कार्फवाल्या मुलीला आधी तिचा धडा विचारा. शेजारीण असाल तर ‘अगं, उकडत नाही का?’ म्हणण्याऐवजी ‘बारावीनंतर काय करणार?’ असं विचारून बघा. आणि आई असाल, तर लेकीला एकदा एकटीला जवळ घेऊन वरचे दोन प्रश्न विचारा. उत्तर तुम्हाला आवडेलच असं नाही, पण ते ऐकून घ्या आणि काहीही झालं तरी तिचं दप्तर खुंटीला टांगू देऊ नका.