कलेजी घरात, बी-12 मेडिकलमध्ये

हिंजवडीच्या आयटी पार्कात माझ्या वयाच्या मुलामुलींच्या ड्रॉवरमध्ये बी-कॉम्प्लेक्सची पाकिटं हमखास सापडतात. थकवा आला, हातापायाला मुंग्या आल्या की गोळी सुरू. त्यात आपली मुलंही आहेत, आणि मला नवल वाटतं ते याचंच.

पुण्यातल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये पुणे परिसरातल्या 441 पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 67 टक्के पुरुषांत बी-12 कमी होतं. शहरी मध्यमवर्गात तर 81 टक्के, म्हणजे खेड्यापेक्षा आणि झोपडपट्टीपेक्षाही जास्त. शाकाहार हे त्याचं एक मोठं कारण. बी-12 मिळतं ते गोश्त, मासे, अंडी आणि दुधातून. डाळी-भाज्यांत ते जवळपास नसतंच.

मग आपल्याला काय झालं? माझं मत असं, की मध्यमवर्गात शिरताना आपण आधी डबा बदलतो. पीजीच्या दारावर ‘ओन्ली व्हेज’. ऑफिसात कुणी नाक मुरडेल म्हणून खिमा घरीच राहतो, डब्यात सँडविच जातं. बोंबील, बांगडा तर विचारूच नका. त्यात 2015 पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली आणि गरिबाच्या ताटातलं स्वस्त गोश्त गेलं. कायद्याशी लढायचं ते लढूच, पण डब्याची लाज हा काही कायदा नाही.

आपल्या स्वयंपाकघरात हे सगळं आधीपासून आहे. दालच्यात डाळीचं फोलेट आणि गोश्तातलं बी-12 एकाच पातेल्यात येतं. खिचड्यात गव्हाचं बी-1 सुद्धा. दिवसाला बी-12 लागतं जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम. पन्नास ग्रॅम कलेजीत कित्येक दिवसांचं भरतं. आठवड्यातून एकदा पुरे. रोज दूध आणि अंडं असलं तरी बराच भार हलका होतो. रविवारची हॉटेलची बिर्याणी मात्र यात धरू नका, तिच्यात भातच जास्त.

आणि एक बोचरी गोष्ट. बकरी ईदला सगळ्यात आधी तव्यावर पडते ती कलेजी. ती खातं कोण? नमाजहून आलेले पुरुष. अम्मी आणि बहिणी मसाला पुसून घेतात. ज्यांना रक्तासाठी फोलेट आणि बी-12 सर्वांत गरजेचं, त्यांच्या वाट्याला रस्सा. कुर्बानीचे तीन हिस्से आपण काटेकोर मोजतो. घरातले हिस्सेही तसेच मोजायला हवेत.

गोळ्या फेका असं मी म्हणत नाही. रक्ततपासणीत कमतरता निघाली तर नुसत्या जेवणाने ती भरून निघेल या भरवशावर राहू नका, डॉक्टर सांगतील ते औषध घ्या. घरात कुणी मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेत असेल तर त्यांचं बी-12 तपासून घ्या, या औषधाने ते घटू शकतं. बाळाचा विचार असेल तर फॉलिक अॅसिडची गोळी आधीपासूनच हवी, आणि गरोदरपणात कलेजी डॉक्टरांना विचारूनच. कॅप्सूलच्या जिलेटिनची शंका असेल तर मेडिकलवाल्याकडे साधी गोळी मागा, मिळते.