ओझे कोणाचे, टायर कोणाचा

पांढरकवड्यापाशी, केळापूर तालुक्यातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 वर (जुना क्रमांक 7), एका गॅरेजसमोर एक मालमोटार बरेच दिवस जॅकवर उभी असलेली आम्ही पाहत होतो. डिफरन्शियल उघडलेले, क्राउन-पिनियनचे दात झडलेले. केबिनमध्ये मात्र स्टोव्ह, पिठाचा डबा, दोरीवर वाळत घातलेला टॉवेल. चालकाचे बिऱ्हाडच ते. मिस्त्री म्हणाला, "सर, दात पिनियनचे गेले, पण तोडले वजनानं."

आम्ही मराठीचे अध्यापक. यंत्रातले आम्हांला फारसे कळत नाही. पण टायरची गोष्ट समजण्याजोगी आहे. जादा वजनाखाली त्याची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते आणि तापते. त्यात विदर्भातला मे महिना. पुढे क्लच, गिअरबॉक्स, जॉइंट अशी झीज आत शिरते. रस्ताही सुटत नाही. अमेरिकेत 1958 ते 1960 दरम्यान झालेल्या चाचण्यांपासून असे मानले जाते, की रस्त्याची झीज आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. 2018 मध्ये केंद्र सरकारने चार टायरच्या एकेरी आसाची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टनांवर नेली. हिशेब केला तर एवढ्यानेच झीज दीडपटीहून अधिक होते! मर्यादा वाढवल्याने ओव्हरलोड थांबेल, ही आशा आम्हांला भाबडी वाटते.

दंड करून गाडी तशीच पुढे सोडण्याची वाट सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्येच बंद केली होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 नुसार, 2019 च्या दुरुस्तीनंतर, दंड 20,000 रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये आहे. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू देऊ नये, असेही तेथे म्हटले आहे. हेच कलम गाडी चालवणाऱ्याबरोबर ती चालवायला लावणाऱ्यालाही धरते. वर्गात आम्ही प्रयोजक क्रियापद शिकवतो, तेच हे. रस्त्यावर मात्र पावती बहुधा साध्या कर्त्याच्याच हाती पडते. कोळसा असो वा कापसाच्या गाठी, माल भरला जातो तेथील वजनकाट्याची चिठ्ठी तपासून भरणाऱ्यावरच कारवाई का होऊ नये?

पिनियनचा खर्च मालक देणार होता. गाडी उभी असलेल्या दिवसांचा भत्ता मिळणार का, असे आम्ही चालकाला विचारले. तो स्टोव्हला पंप मारत राहिला, मग म्हणाला, "गाडी चालली तरच भत्ता."