परदेशी जाणारी पुडी आणि वैद्याची चिठ्ठी

नोकरी, शिक्षण किंवा नातवंडांची देखभाल या निमित्ताने दुबई, सिंगापूर, टोकियो वा न्यू जर्सी येथे दीर्घकाळ राहणारे रुग्ण आज गावोगावच्या दवाखान्यांत येतात. निघण्यापूर्वी ते सहा महिन्यांचे औषध मागतात आणि पुष्कळदा ते त्यांना नाव, घटक काहीही न लिहिलेल्या पुड्यांत बांधून मिळते. ही रीत आता सोडली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गावात वैद्याचा शब्द हाच पुडीचा दाखला असतो. विमानतळावरील अधिकाऱ्यापुढे तो चालत नाही. जातिफलादि चूर्णात भांग आहे, कामिनी विद्रावण रसात अहिफेन आहे. अमली पदार्थांविषयी अत्यंत कठोर कायदे असलेल्या संयुक्त अरब अमिराती वा सिंगापूरमध्ये असे कल्प जवळ बाळगणाऱ्या रुग्णावर तुरुंगवासाचा प्रसंग येऊ शकतो. साठ्यालाही मर्यादा असते. वैद्यकीय चिठ्ठीवरील औषध जपानमध्ये पूर्वपरवानगीशिवाय एक महिन्याचेच नेता येते; सिंगापूरमध्ये ही मर्यादा साधारणतः तीन महिन्यांची आहे.

दुसरा प्रश्न रसकल्पांचा. २००४ साली अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे तेथील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शोधन-मारणाविषयीचा वाद आपण विद्वत्सभेत अवश्य करावा. परंतु रुग्णाच्या रक्तात शिसे सापडले, तर तेथील डॉक्टरला पोटात काय गेले हे तत्काळ कळले पाहिजे.

तिसरी बाब त्याहून नित्याची आहे. परदेशी गेलेला रुग्ण तेथील डॉक्टरच्या गोळ्याही घेतो आणि दोघांनाही एकमेकांविषयी सांगत नाही. शंखपुष्पीच्या कल्पामुळे फेनिटॉइनचे रक्तातील प्रमाण घटते, हे मुंबईच्या औषधशास्त्रज्ञांनी १९९२ मध्येच दाखविले. अपस्माराच्या रुग्णास याचा अर्थ पुन्हा झटका असा होऊ शकतो. यष्टिमधु दीर्घकाळ व अधिक मात्रेत दिल्यास पोटॅशियम उतरते. मूत्रल गोळ्या किंवा डिगॉक्सिन घेणाऱ्यास ते धोक्याचे आहे.

घटक लिहिले तर अनुभूत योग उघडे पडतील, अशी शंका काही व्यवसायबंधू घेतात. पण घटकांची नावे लिहिली म्हणजे प्रमाण आणि भावना सांगितल्या असे नव्हे. औषधे व प्रसाधने नियमांतील नियम १६१ नुसार आयुर्वेदीय औषधाच्या उत्पादकास घटकांची यादी लेबलवर द्यावीच लागते. जे कारखानदाराला जमते, ते वैद्याला अशक्य का व्हावे?

म्हणून आमचे सांगणे असे. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णास इंग्रजीत छापील चिठ्ठी द्यावी. तीत निदान, कल्पाचे नाव, वनस्पतींची लॅटिन नावे, धातु-खनिजांचा स्पष्ट उल्लेख, दैनिक मात्रा, कालावधी आणि वैद्याचा नोंदणी क्रमांक असावा. औषधालयाच्या मालकांनी अशा रुग्णास मूळ सीलबंद वेष्टनच द्यावे व बॅच क्रमांकासह पावती जोडावी. भांग, अहिफेन असलेले कल्प त्याला देऊच नयेत. चालू असलेली आधुनिक औषधे परस्पर बंद करू नयेत, हेही चिठ्ठीवरच लिहावे.

रुग्ण सातासमुद्रापार गेला, म्हणून वैद्याची जबाबदारी संपत नाही. तेथे नाडी पाहायला आपण नसतो. आपल्या वतीने बोलते ती आपली चिठ्ठीच.