'आहे' आणि 'हॅव'

शाळेत आपण सर्वांनी पूर्ण वर्तमानकाळ सूत्रासारखा घोकला: 'हॅव' किंवा 'हॅज', पुढे क्रियापदाचे तिसरे रूप. सूत्र बरोबरच आहे. पण हा काळ केव्हा वापरायचा, ते सूत्र सांगत नाही. 'हे पुस्तक मी गेल्या वर्षी वाचले आहे' हे मराठीत सहज चालते. इंग्रजीत मात्र 'लास्ट इयर' आले की 'हॅव'ने निघून जायचे. साल-तारीख सांगितली, की घटना भूतकाळात जमा! 'हॅव'ला हवी असते आजच्या खात्यातली शिल्लक. 'आय हॅव लॉस्ट द की' म्हणजे किल्ली अजून सापडलेली नाही. 'हॅज गॉन टू पुणे' म्हणजे स्वारी अजून तिकडेच. 'हॅज बीन टू पुणे' म्हणजे जाऊन आली आहे.

बँकेत मुलाखती घेताना 'आय हॅव पास्ड बी.कॉम. इन २००१' म्हणणारी मुले भेटत. शेजारचे साहेब गालात हसत. ते हसू मला खटके. मुलगा अडाणी नव्हता, मराठीतून विचार करीत होता. जर्मन माणूस तर 'काल' म्हणूनही हाच काळ बिनदिक्कत वापरतो. म्हणजे प्रश्न तर्काचा नाही, एका भाषेच्या सवयीचा आहे. सवय घोकून लागत नाही. वहीत लाल रेघ ओढण्याआधी शिक्षकांनी आणि पालकांनी मराठी वाक्य शेजारी लिहून फरक दाखवावा. आणि मुलाची बुद्धी 'हॅव'वरून तरी कोणी मोजू नये.